वर्तुळ लंबगोल दिसतंय? मॉनिटरला हवं ते रिझोल्यूशन बसवताना

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, हँडबिलं, संस्थांचे वार्षिक अहवाल, असं वीस वर्षं चाललंय. दिवसभर नजर स्क्रीनवर असते, त्यामुळे अक्षराची कड जरा पसरली तरी मला चैन पडत नाही. आजूबाजूचे दुकानदारही मॉनिटरचं काही बिनसलं की मलाच हाक मारतात.

गेल्या पावसाळ्यात शेजारचे फ्लेक्सवाले काका छापलेला फलकच उचलून घेऊन आले. मंडपाच्या कमानीवर लावायचा गोल फलक, चार फूट व्यासाचा. छापून आला होता उभट. उंची चार फूट, रुंदी तीन.

"ताई, स्क्रीनवर गोल दिसत होता बघा. मशीनचा दोष असंल का?"

मी त्यांच्या दुकानात गेले. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, कंट्रोल दाबून एक वर्तुळ काढलं आणि स्टीलची पट्टी थेट काचेला लावली. उभं भरलं ९ सेंटिमीटर, आडवं १२. तिथंच निम्मं निदान झालं. मॉनिटर १६०० बाय ९०० चा, म्हणजे काचेवर आडवे १६०० आणि उभे ९०० ठिपके, १६ ला ९ या प्रमाणात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात आणि या आकड्याला रिझोल्यूशन. संगणक त्याला १०२४ बाय ७६८ चं चित्र पाठवत होता, म्हणजे ४ ला ३. ते चित्र काचभर ताणलं की रुंदी बरोबर एक-तृतीयांशानं वाढते. कामावर नव्यानं लागलेल्या मुलाला वर्तुळ लंबगोल दिसलं, म्हणून त्यानं ते डोळ्यांना गोल दिसेपर्यंत आडवं दाबलं होतं. मशीननं सांगितलं तसंच छापलं.

त्या मुलानं इंटरनेटवर बघून कस्टम रिझोल्यूशन, म्हणजे विंडोजच्या यादीत नसलेला आकडा हातानं, टाकायचा प्रयत्नही केला होता. दोनदा स्क्रीन काळी झाली, मग त्यानं सोडून दिलं. ही चूक मी फार ठिकाणी बघते. हवा तो आकडा यादीत दिसत नाही म्हटल्यावर माणूस लगेच तो हातानं कोंबायला बघतो. आधी हे विचारायला हवं की मॉनिटरचा स्वतःचा आकडा संगणकाच्या यादीत आलाच का नाही. ते कळलं की बहुतेक वेळा कस्टम काही करावंच लागत नाही.

मॉनिटरचं ओळखपत्र

प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटी माहिती साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं १९९४ मध्ये तिचा आराखडा ठरवला. मूळ माहिती फक्त १२८ बाइटची. मॉनिटर कोणत्या कंपनीचा, काच किती सेंटिमीटरची, कोणती रिझोल्यूशन चालतात, आणि त्यातलं त्याचं स्वतःचं, म्हणजे नेटिव्ह, कोणतं. संगणक सुरू होताना ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातला चित्र बनवणारा भाग, ही माहिती केबलमधूनच वाचतं आणि त्यावरून यादी बनवतं. ती वाचताच आली नाही, तर कार्ड जपून वागतं आणि १०२४ बाय ७६८ सारखं, कुठल्याही मॉनिटरवर चालेल असं काहीतरी देतं.

वाचता आली का नाही हे बघायला अर्धा मिनिट लागतो. विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात 'मॉनिटर्स' बघा. मॉनिटरचं नाव किंवा 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' असं दिसलं तर ओळखपत्र पोचलंय. 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं दिसलं तर पोचलेलं नाही. काकांच्या संगणकावर 'नॉन' होतं.

तिथंच जरा वर 'डिस्प्ले अडॅप्टर्स' असतं, तेही बघून घ्या. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं लिहिलेलं असेल तर कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअरच, बसलेला नाही. अशा वेळी रिझोल्यूशनच्या मागं लागू नका. कार्ड इंटेलचं, एनव्हिडियाचं की एएमडीचं ते बघून त्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घाला आणि संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज नव्यानं टाकून दिलेल्या संगणकांत हेच निघतं आणि ड्रायव्हर बसला की सगळी यादी आपोआप येते.

केबल उलटी करून बघा

ओळखपत्र पोचत नसेल तर पहिला संशय केबलवर. व्हीजीएची निळी पिन असते ना, तिच्यात तीन ओळींत मिळून १५ जागा असतात. रुंद बाजू वर धरून पिनांकडं बघा. सगळ्यात खालच्या ओळीत डावीकडून दुसरी म्हणजे १२ नंबरची आणि अगदी शेवटची म्हणजे १५ नंबरची, या दोन तारांवरून ओळखपत्र जातं. बाकी रंग आणि सिंकच्या, म्हणजे ओळ नि चित्र कुठं सुरू होतं ते सांगणाऱ्या, तारा वेगळ्या आहेत. म्हणून या दोन तारा नसल्या तरी चित्र व्यवस्थित दिसतं, आणि कुणाला केबलचा संशयच येत नाही. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन मात्र चांगल्या केबलींतही पुष्कळदा नसते. ती नाही म्हणून केबल टाकून देऊ नका.

पिन दिसते म्हणजे आत तार असतेच असं नाही. काकांकडं १० मीटरची केबल होती, गिऱ्हाइकाला काउंटरवर डिझाइन दाखवायला दुसरा मॉनिटर लावलेला, आणि मध्ये एक स्प्लिटर. केबलला पिना सगळ्या होत्या. मी मल्टिमीटर बीपवर ठेवून एका टोकाची १२ आणि दुसऱ्या टोकाची १२ जोडून बघितली. आवाज नाही. १५ ची तशीच. १३ आणि १४, म्हणजे सिंकच्या तारा, लगेच वाजल्या. ज्या दुकानातून ती केबल घेतली तिथं "चित्र येतंय ना, मग केबल चांगली आहे" असं काकांना सांगितलं होतं. चित्र येणं आणि केबल पूर्ण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे होतं. एका केबलपायी चार फुटी फलक वाया गेला.

स्प्लिटरचंही एक लक्षात ठेवा. तो दोन्ही मॉनिटरना एकच सिग्नल देतो. एक मॉनिटर १६०० बाय ९०० चा आणि दुसरा १३६६ बाय ७६८ चा असेल, तर दोन्हीवर एकाच वेळी नेटिव्ह चित्र येणं शक्यच नाही. कार्डाला दोन पोर्ट असतील तर स्प्लिटर काढून दोन्ही मॉनिटर वेगवेगळे लावावेत. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावलेला असेल तर तोही तपासा. काही कन्व्हर्टर मॉनिटरचं ओळखपत्र पुढं न देता स्वतःचंच देतात, आणि मग यादीत भलतेच आकडे दिसतात.

आकडा बरोबर, तरी अक्षर पुसट

कधी सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० दिसतं आणि तरी अक्षर पुसटच. माझी परीक्षा देवनागरीचीच असते. नऊ-दहा पॉइंटमध्ये 'सर्वांचं' हा शब्द टाइप करायचा आणि रफार नि अनुस्वार सुटे दिसतात का ते बघायचं. नेटिव्हवर दोन्ही वेगळे ओळखू येतात. ताणलेल्या चित्रात त्यांचा एक करडा ठिपका होतो आणि शिरोरेघ दोन ओळींत पसरते.

असं झालं तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. तिथं दोन आकडे असतात. 'डेस्कटॉप मोड' म्हणजे विंडोज ज्यावर चित्र काढतं तो, आणि 'अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड' म्हणजे केबलमधून प्रत्यक्षात जातो तो. हे दोन्ही सारखे पाहिजेत. वेगळे असतील तर कार्ड मध्येच चित्र ताणतंय. त्याच पानावर 'डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज' उघडून 'लिस्ट ऑल मोड्स' दाबा आणि नेटिव्ह आकडा तिथून निवडा. मुख्य यादीत लपलेले मोडही तिथं मिळतात.

टीव्हीला संगणक जोडलाय आणि टास्कबार अर्धा कापला जातोय, तर ते ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्ही चित्र जरा मोठं करून कडा कापतो. टीव्हीच्याच मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' अशा नावाचा पर्याय शोधा. संगणकात काही बदलू नका.

एक कळकळीची विनंती. अक्षर बारीक दिसतं म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका. चाळिशीनंतर बरेच जण हेच करतात आणि मग पुसट अक्षरांनी डोळे अजून शिणतात. रिझोल्यूशन नेटिव्हच ठेवा आणि 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षर मोठं होतं आणि कडही धारदार राहते.

कस्टम खरोखर करावं लागतं तेव्हा

अशी वेळ येते. एका शाळेत प्रोजेक्टरची केबल भिंतीच्या आतून गेलेली होती, ती बदलायची तर भिंत फोडावी लागली असती. प्रोजेक्टर १२८० बाय ८०० चा, ओळखपत्र पोचत नव्हतं. तिथं मी हातानंच आकडा घातला.

घालण्यापूर्वी एक हिशोब समजून घ्या. चित्र १९२० बाय १०८० चं असलं तरी सिग्नल तेवढाच नसतो. प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडी रिकामी जागा असते. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत परत फिरायला जो वेळ लागायचा, ती जागा. ती धरून नेहमीचं १९२० बाय १०८० हे प्रत्यक्षात २२०० बाय ११२५ होतं. असं चित्र सेकंदाला ६० वेळा जातं, हाच रिफ्रेश रेट, ६० हर्ट्झ. त्यानं गुणा, १४८.५ मेगाहर्ट्झ येतं. याला पिक्सेल क्लॉक म्हणतात. केबल आणि कार्ड यांची मर्यादा या आकड्यावर असते. सिंगल लिंक डीव्हीआय आणि सुरुवातीचं एचडीएमआय १६५ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. एचडीएमआय १.३ पासून ती मर्यादा ३४० झाली.

एलसीडीला झोत फिरवायचा नसतो, म्हणून ही रिकामी जागा कमी करता येते. सीव्हीटी हा ही जागा ठरवायचा एक प्रमाणित हिशोब, आणि त्यातल्या कमी जागेच्या प्रकाराला 'सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक' म्हणतात. फरक मोठा आहे. २५६० बाय १४४० ला ६० हर्ट्झवर साधं सीव्हीटी ३१२.२५ मेगाहर्ट्झ मागतं, रिड्यूस्ड २४१.५ मध्ये भागवतं. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्यूशन बँडविड्थच्या बाहेर जातंय असा संदेश येतो, तो याच हिशोबाचा. तेव्हा डिजिटल जोडणी असेल, म्हणजे एचडीएमआय, डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट, तर आधी रिड्यूस्ड निवडा. तेवढ्यानं भागलं नाही तर रिफ्रेश रेट उतरवा. माझा स्वतःचा रुंद मॉनिटर २५६० बाय १०८० चा आहे आणि तेव्हाच्या संगणकाचं एचडीएमआय १६५ च्या पुढं जात नव्हतं. ६० हर्ट्झला रिड्यूस्डनंही १८१.२५ लागत होते. ५० हर्ट्झ केल्यावर साधारण १५० वर आलं आणि मॉनिटरनं ते घेतलं. पानं लावायच्या कामात ५० आणि ६० मधला फरक मला कधी जाणवला नाही. माऊसचा बाण जरा जड चालतो, एवढंच.

व्हीजीएवर मात्र उलट करा. तिथं साधं सीव्हीटी निवडा. व्हीजीएच्या सिग्नलमध्ये रुंदी किती पिक्सेलची आहे हे सांगणारं काही नसतं. मॉनिटर ओळी मोजतो, त्यांचा वेग बघतो, दोन सिंकची दिशा बघतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. साध्या आणि रिड्यूस्ड सीव्हीटीत सिंकच्या दिशा एकमेकींच्या उलट असतात, आणि बऱ्याच जुन्या मॉनिटरना, प्रोजेक्टरना रिड्यूस्डची ओळख पटत नाही. शाळेत माझं आधी तेच झालं. रिड्यूस्ड घातलं तर चित्र अर्धं डावीकडं सरकलेलं. साधं सीव्हीटी, १२८० बाय ८०० ला ८३.५ मेगाहर्ट्झ, घातलं आणि बसलं. त्यानंतर प्रोजेक्टरचं 'ऑटो' बटण दाबलं. हे बटण दाबताना स्क्रीनवर कडेपर्यंत उजेड असलेलं चित्र ठेवा, एखादं पांढरं पान पूर्ण पसरून. काळ्या वॉलपेपरवर ऑटोला चित्राची कड सापडत नाही आणि ते वाकडं बसतं.

आता जागा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन', मग 'कस्टमाइझ', मग 'क्रिएट कस्टम रिझोल्यूशन'. रुंदी, उंची, रिफ्रेश घाला आणि 'टायमिंग' मध्ये 'स्टँडर्ड' च्या यादीतून सीव्हीटी किंवा रिड्यूस्ड निवडून 'टेस्ट' दाबा. एएमडीच्या ॲड्रेनलिनमध्ये हे डिस्प्ले भागात आहे, इंटेलचं त्यांच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये. बऱ्याच लॅपटॉपवर एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये डिस्प्लेचा भागच दिसत नाही. तिथं स्क्रीन इंटेलच्या चिपवर चालते, म्हणून इंटेलकडूनच करायचं.

एक हिशोब मॉनिटरच्या बाजूचाही करा. एकूण ओळी गुणिले रिफ्रेश म्हणजे आडवी फ्रिक्वेन्सी. १६०० बाय ९०० चं प्रमाणित टायमिंग १८०० बाय १००० असतं, म्हणजे १००० गुणिले ६०, ६० किलोहर्ट्झ. काकांच्या मॉनिटरच्या पुस्तिकेत ३० ते ८३ किलोहर्ट्झ लिहिलं होतं, तेव्हा अडचण नव्हती. तुमचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' दाखवतो. तो संदेश आला की थांबा, वर ढकलत बसू नका.

१३६६ बाय ७६८ हा आकडा सगळ्यांना छळतो. बरीच जुनी मोजमापं रुंदीला ८ नं पूर्ण भाग जातो असं धरून केलेली आहेत, आणि १३६६ ला जात नाही. १७०.७५ येतं. म्हणून यादीत १३६० किंवा १३६८ दिसतं, १३६६ दिसत नाही. ड्रायव्हर १३६६ घेत असेल तर उत्तम. नसेल तर १३६० घ्या आणि स्केलिंगच्या पर्यायात चित्र न ताणता मध्यभागी ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेलची काळी रेघ राहते, पण अक्षर स्वच्छ दिसतं. व्हीजीएवर ऑटो बटणाशी थोडं झगडावं लागेल, कारण ७६८ ओळी बघून मॉनिटर १०२४ चाही अंदाज करू शकतो. मॉनिटरच्या मेनूत रुंदीचा पर्याय असेल तर तिथं हातानं सांगा.

लिनक्सवाल्यांनी 'सीव्हीटी' (cvt) या आज्ञेला रुंदी, उंची आणि रिफ्रेश द्यायचं. ती जी मोडलाइन, म्हणजे टायमिंगच्या आकड्यांची ओळ, छापते, ती 'एक्सरँडआर' (xrandr) या आज्ञेला नवा मोड म्हणून द्यायची, मग तो मोड तुमच्या पोर्टला जोडायचा, मग निवडायचा. लिनक्समध्ये स्क्रीन एक्स सर्व्हर किंवा वेलँड यांपैकी एक चालवतं, आणि हे एक्स सर्व्हरवरच चालतं. वेलँडवर असाल आणि लॉगिन करताना एक्सचा पर्याय दिसत असेल तर तो निवडा.

स्क्रीन काळी झाली तर

हात आवरा. रिझोल्यूशन बदलल्यावर विंडोज १५ सेकंद विचारतं आणि उत्तर आलं नाही तर आपोआप मागं जातं. तो मुलगा घाबरून एंटर दाबत सुटला होता. काही न दाबता पंधरा आकडे मोजा.

तरी परत आली नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, त्यानं ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. त्यानंही नाही झालं तर दुसरा कोणताही मॉनिटर किंवा टीव्ही लावून बघा, आणि तोही हाताशी नसेल तर रिकव्हरीत, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीच्या स्क्रीनवर, जा. शिफ्ट धरून रीस्टार्ट करता येतं, पण स्क्रीन दिसत नसताना ते कठीण. अशा वेळी विंडोज सुरू होता होता पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं की रिकव्हरीची निळी स्क्रीन येते. तिथं ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रीस्टार्ट करा आणि ३ दाबा, म्हणजे कमी रिझोल्यूशनमध्ये विंडोज उघडतं. ४ दाबलं तर सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. आत जाऊन घातलेलं कस्टम रिझोल्यूशन काढून टाका.

पॅनेलमधून जमत नाही म्हणून काही जण 'कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी' हे फुकट मिळणारं साधन वापरतात. चांगलं आहे, मीही वापरते. ते मॉनिटरच्या आत काही लिहीत नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, ओळखपत्राची बदललेली प्रत ठेवतं. त्याच्याबरोबर 'रीसेट ऑल' नावाची फाइल येते. ती आधी डेस्कटॉपवर काढून ठेवा, मगच बदल करा. सेफ मोडमध्ये ती चालवली की सगळं मूळ पदावर येतं.

काकांकडं यातलं काहीच लागलं नाही. सगळ्या तारा असलेली दीड मीटरची केबल आणली, स्प्लिटर काढला, काउंटरचा मॉनिटर कार्डाच्या दुसऱ्या पोर्टला लावला. संगणक सुरू झाला आणि १६०० बाय ९०० यादीत आपोआप आलं, समोर 'रेकमेंडेड' लिहून. मी पुन्हा वर्तुळ काढलं, त्या मुलाच्या हातात पट्टी दिली. उभं ९, आडवं ९. फलक त्याच दुपारी पुन्हा छापला. ती वर्तुळाची फाइल त्यानं डेस्कटॉपवर 'गोल' नावानं ठेवली आहे, आणि सकाळी संगणक सुरू केला की आधी ती उघडून पट्टी लावतो.